सगळ्या हॉलला ठाऊक होतं

माघ सरत आला की आमच्या युनिटच्या आवारात गंधकाचा वास घुटमळायला लागतो. बेदाण्याला धुरी द्यायच्या खोल्यांची दारं घट्ट असतात, फटींना पट्ट्या लावलेल्या असतात, तरी तो वास कुठून तरी निसटतोच. सकाळी गाडीचं दार उघडलं की आधी घशाला कळतं, मग नाकाला. परवा तो वास आला आणि मी उतरता उतरता तशीच बसून राहिले. वॉचमन फाटक धरून उभा होता. त्याला वाटलं असेल, मॅडम फोनवर बोलतायत.

तासगावच्या अलीकडं रस्त्याला लागून आमचं युनिट आहे. आसपासच्या बागांतली द्राक्षं शेडवरच्या जाळ्यांवर वाळतात, त्यांचा बेदाणा होतो आणि तो पोत्यांतून आमच्याकडं येतो. आम्ही त्याच्या काड्या काढतो, धुतो, धुरी देतो, रंग आणि आकार बघून निवडतो आणि खोक्यांत भरून बाहेर पाठवतो. आता मी हे असं दोन वाक्यांत सांगून टाकते. परदेशातल्या गिऱ्हाइकाला सांगताना तर एकच वाक्य पुरतं. पण चौदा सीझन गेलेत यात, आणि माझे केस पांढरे झालेत ते बहुतेक मार्च महिन्यांतच.

मी मूळची वाईची. लग्न होऊन साताऱ्याला आले. सुधीर, माझा नवरा, तिथं कॉलेजात शिकवतो. त्याची आई गेली कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून आहे, त्यामुळं त्याला सातारा सोडता येत नाही, आणि बेदाणा काही तिथं वाळत नाही. म्हणून सीझनचे तीन-चार महिने मी मिरजेला भाड्याच्या दोन खोल्यांत राहते आणि रविवारी साताऱ्याला जाते. सुरुवातीला हे एका वर्षापुरतं ठरवलं होतं.

पहिल्या वर्षी पत्र्याची एक शेड होती आणि नऊ बायका. त्या नऊजणींत सगळ्यात आधी आली ती हौसाक्का. जतच्याही पलीकडची, कर्नाटकाच्या हद्दीलगतच्या वस्तीवरची. माणसं धनगराची, तिचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. मुलगा इकडं एका बागेवर कामाला लागला, म्हणून तीही त्याच्याबरोबर आली होती. शेडच्या दारात उभी राहून तिनं विचारलं होतं, "वैनी, काय काम हाय ते आदी दावा. जमलं तर ऱ्हातो, न्हाई तर जातो." मुलाखत मी घ्यायची होती, पण ती तिनंच घेतली. मी एक पोतं सोडलं. तिनं कोपरापर्यंत हात आत घातला, मूठभर मणी तळातनं वर काढले, बोटांत फिरवले आणि म्हणाली, "वरचा चांगला हाय. खालचा वलाय. कुणी दिला ह्यो? फसवलंय तुमास्नी." मी पोतं उलटं केलं. खालचा माल खरंच चिकट होता.

तेव्हा आमच्याकडं ओल मोजायचं यंत्र नव्हतं. हौसाक्काचा हात होता. ती मूठ दाबायची, सोडायची आणि मणी कसे सुटतात ते बघायची. "सुटतोय, भरा." किंवा, "आजून दोन दिस जाळीवर ऱ्हाऊ दे, घाई करू नगा." मी वहीत तिचं म्हणणं तसंच लिहून ठेवायची. दुपारी आम्ही पोत्यांवर गोल करून बसायचो. त्यांच्या फडक्यांतनं भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी नुसताच कांदा. माझ्या डब्यात गूळ घातलेली आमटी असायची आणि तिची रोज टिंगल व्हायची. "वैनी, ही आमटी हाय का बासुंदी?" असं म्हणत त्या बोटं बुडवून चाखायच्या. निवडताना आमचे हात एकाच ताटात असायचे. कुणाच्या बोटाला चीर पडली, कुणाचं मन आज थाऱ्यावर नाही, कोण काल रडून आली आहे, हे मला विचारावं लागत नसे. हात सांगायचे.

मग धंदा वाढला. धंदा वाढतो तेव्हा एका दिवसात काहीच घडत नाही. एक ऑर्डर येते, तिच्यासाठी दहा बायका जास्त लागतात. दहाजणींसाठी दुसरी शेड. दुसऱ्या शेडवर बघायला माणूस. असं करत करत शेडचा हॉल झाला, नऊच्या सव्वाशे झाल्या, डोक्यांवर पांढऱ्या टोप्या आल्या, हातांतल्या बांगड्या घरी राहिल्या. गिऱ्हाइकांची माणसं तपासणीला यायला लागली, तेव्हा हॉलमध्ये डबा उघडायला बंदी घालावी लागली. ती बंदी मीच घातली, बरोबरच होती. हॉलच्या वर माझी काचेची केबिन झाली. तिथून सगळं दिसतं, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायची.

'वैनी'ची 'मॅडम' मी नक्की कोणत्या दिवशी झाले ते आठवत नाही. नव्या बायका आल्या, त्यांनी ऑफिसातल्या पोरींचं ऐकून मॅडम म्हणायला सुरुवात केली आणि जुन्याही हळूहळू तसंच म्हणायला लागल्या. शेवटपर्यंत वैनी म्हणत राहिली ती एकटी हौसाक्का.

मला सांगायचंय तो सीझन तीन वर्षांपूर्वीचा. त्या साली द्राक्षाला गोडी भरपूर होती, ऊन कडक होतं, माल भरभरून येत होता. युनिटचं सगळं काम बघायला मी निखिलला नेमलं होतं. सांगलीचाच मुलगा, पुण्यात शिकलेला, कामाला वाघ. वेळेच्या आधी यायचा, आणि कुठल्याही बाईशी कधी चढ्या आवाजात बोलला नाही. हे आधीच सांगते, कारण पुढं जे झालं त्यात त्याची चूक शोधायची सवय मला काही दिवस लागली होती.

लागोपाठ दोन वेळा गिऱ्हाइकाकडून तक्रार आली. निवडलेल्या मालात काड्या सापडल्या होत्या, हिरव्यात काळे मणी मिसळलेले होते. तिसऱ्यांदा असं झालं तर ऑर्डर दुसरीकडं जाणार, हे त्यांनी सभ्य भाषेत कळवलं. निखिलनं प्रत्येक बाईच्या ट्रेला नंबर दिला. कोणत्या ट्रेचा माल कोणत्या खोक्यात गेला, हे आता कागदावर दिसायला लागलं. आठ दिवसांत त्यानं माझ्यासमोर एक तक्ता ठेवला. खोट एकाच ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा येत होती. तो ट्रे मंगलचा.

मंगल सावळजची. पस्तिशीची असेल. दहा वर्षं हौसाक्काच्या उजव्या हाताला बसत आलेली, बोलायला कमी आणि हाताला चपळ. तिच्या ट्रेमध्ये काडी म्हणजे मला पटेना.

"मॅडम, तीन वेळा तपासलं," निखिल म्हणाला. "नियमाप्रमाणं लेखी समज द्यावी लागेल. दुसऱ्यांदा दिली की काम थांबवावं लागतं. हे आपणच ठरवलंय."

"आणि हौसाक्काचा ट्रे?"

"एक नंबर. एकसुद्धा काडी नाही. हॉलमध्ये सगळ्यात स्वच्छ."

मी सही केली. मंगलला वर बोलावलं. तिनं कागद हातात घेतला, वाचला. ती सातवी शिकलेली आहे. मी विचारलं, "मंगल, काही अडचण आहे का? घरात काही? डोळ्यांना त्रास?"

"न्हाई मॅडम."

"मग असं का होतंय?"

"माजी चूक हाय," ती म्हणाली. "पुन्यांदा न्हाई व्हायची." खाली सही केली, पेन नीट टोपण लावून टेबलावर ठेवलं आणि गेली. ती रडली असती, भांडली असती, तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी गिऱ्हाइकाची माणसं बघायला आली. दोन पुरुष आणि एक बाई. त्यांना हॉल दाखवताना माझा एक ठरलेला कार्यक्रम असायचा. ओल मोजायची यंत्रं आता आमच्याकडं दोन होती, पण पाहुण्यांना घेऊन मी हौसाक्काजवळ थांबायची, मूठभर बेदाणा तिच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "हौसाक्का, सांगा बरं." ती सांगायची, मग आम्ही यंत्र लावायचो आणि दोन्ही जुळायचं. पाहुणे खूष व्हायचे. मीही व्हायची. आमच्या शेडच्या दिवसांतलं तेवढंच काय ते हॉलमध्ये शिल्लक होतं.

त्या दिवशीही मी बेदाणा तिच्या हातावर ठेवला. तिनं मूठ दाबली, सोडली. बोटांत मणी फिरवले. पाहुणे तिच्या बोटांकडं बघत होते. मी तिच्या तोंडाकडं बघत होते, कारण तिच्या कपाळावर घाम होता. तिनं मण्यांकडं पाहिलंच नाही. तिनं मंगलकडं पाहिलं. मंगलनं मान खाली घालून स्वतःच्या ट्रेमधला मणी उचलला, बाजूला ठेवला आणि टोपीची कड कानामागं सारली. एकदा. मग पुन्हा एकदा.

"दोन दिस लागतील आजून," हौसाक्का म्हणाली.

यंत्रानं तेच सांगितलं. पाहुण्यांतल्या बाईनं टाळ्या वाजवल्या. मीही हसले. हसता हसता मला मंगलची टोपी आठवली: कड दोनदा सारलेली, आणि दिवसही दोन. हातावर ठेवण्याआधी तोच बेदाणा मी मंगलच्या समोरच्या ढिगातून उचलला होता. ओल किती ते मंगलला ठाऊक होतं. हौसाक्काला ते हाताला कळलंच नव्हतं.

पुढचा आठवडाभर मी केबिनच्या काचेशी उभी राहून खाली बघत होते. एकदा काय बघायचं ते कळलं की सगळं दिसायला लागतं. मंगलचे हात स्वतःच्या ट्रेपेक्षा हौसाक्काच्या ट्रेमध्ये जास्त होते. डावीकडची बाईही मधूनमधून हात घालायची. समोरून पाणी घेऊन जाणारी जाता जाता दोन काड्या उचलून न्यायची, जणू केस उचलावा. हौसाक्काची बोटं ट्रेवरून सारखी फिरत होती, लांबून पाहणाऱ्याला कामच वाटावं अशी. पण ती काही उचलत नव्हती. तिचा ट्रे सगळ्यांनी मिळून निवडलेला, म्हणून तो हॉलमध्ये सगळ्यात स्वच्छ. आणि मंगलचा ट्रे उरलेल्या वेळात उरकलेला, म्हणून त्यात काड्या.

सव्वाशे बायका होत्या. किती महिने हे चालू होतं कोण जाणे. कुणी एक शब्द बोललं नव्हतं. हॉलवरची सुपरवायझर पोरगीसुद्धा नाही. वॉचमनला ठाऊक असेल, पाणी भरणारीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते वर काचेत बसलेल्या मला आणि माझ्या शेजारी तक्ते घेऊन बसलेल्या निखिलला. त्या पत्र्याच्या शेडमध्ये असते तर मला पहिल्या दिवशी, पहिल्या ताटात कळलं असतं. हौसाक्काच्या बोटाला माझं बोट लागलं असतं.

त्यांनी ते माझ्यापासूनच लपवलं होतं, हे कळायला मला आणखी एक दिवस लागला. बाकी कुणापासून लपवायची गरजच नव्हती. मला कळलं तर मी काय करीन याची त्यांना भीती होती. खोटं कशाला बोलू, मलाही होती.

रविवारी मी साताऱ्याला निघाले. कराडच्या अलीकडं, मलकापूरला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. तासभर त्यांच्या मागं गाडी रांगत होती. उसाची पाचट उडून काचेवर चिकटत होती. सुधीरला काय काय सांगायचं ते मी तेवढ्या वेळात मनात जुळवून ठेवलं. घरी पोचले तेव्हा तो आईला पेज भरवत होता. तिची मान एका हातानं धरून, दुसऱ्या हातानं चमचा. माझ्याकडं वळून त्यानं विचारलं, "कसं चाललंय युनिट?"

"छान," मी म्हणाले. "माल चांगला आहे यंदा."

तो थकलेला होता. सासूबाईंनी माझ्याकडं बघून ओळखीचं काहीतरी पुटपुटल्यासारखं केलं. मी तांब्या-भांडं घेऊन पाणी प्यायले आणि त्यांचं पांघरूण नीट केलं. संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीवर बसलो, समोर अजिंक्यताऱ्यावर दिवे लागत होते, आणि सुधीर कॉलेजातल्या कुणाच्या तरी बदलीबद्दल बोलत होता. मी हुंकार देत होते. सोमवारी पहाटे परत निघाले.

नोकरी करणाऱ्याला वरिष्ठाकडं जाता येतं. शेतकऱ्याला शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन बसता येतं. बायका एकमेकींच्या ट्रेमध्ये हात घालतात. मी कुणाकडं जायचं होतं? निखिलला सांगितलं असतं तर त्यानं एका मिनिटात नियम सांगितला असता, आणि तो बरोबर असता. तिसरी तक्रार आली असती तर सव्वाशेजणींचं काम गेलं असतं. एकीला सांभाळायला दुसरीनं समजपत्र खायचं, हे काही न्याय्य नव्हतं. सगळं मला कळत होतं. कळणं आणि हौसाक्कासमोर उभं राहणं यांत मात्र अख्खा हॉल पसरलेला होता.

मंगळवारी दुपारच्या सुट्टीत मी तिला मागच्या बाजूला बोलावलं. रिकाम्या क्रेटांच्या चळतीमागं थोडी सावली असते. ती आली, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि क्रेटवर बसली. मी तिच्यासमोर बसले.

"हौसाक्का, नव्या पोरी येतायत पुढच्या आठवड्यात," मी म्हणाले. "त्यांना शिकवायचं काम घ्याल का? ट्रेवर बसायचं नाही. नुसतं शिकवायचं."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं.

"कवापासनं म्हाईत हाय तुमास्नी?"

"आठ दिवस झाले."

"आठ दिस गप बसला व्हय?"

"कसं विचारायचं ते कळत नव्हतं."

"मालकिणीनं इचारायचं असतंय, वैनी. गप बसू न्हाई." ती शांतपणे म्हणाली. मग तिनं दोन्ही हात पुढं केले, तळवे वर करून. तेच हात. बोटांच्या टोकांशी बेदाण्याचा चिकटा काळा होऊन बसलेला. "बोटं झोपल्यात. साखरेचं दुखणं म्हणला डाक्टर. दोन वरसं झाली. आदी मुंग्या यायच्या, मग त्या बी थांबल्या. भाकरी थापतो तर ती किती जाड झाली ते बघून कळतंय, हाताला कळत न्हाई."

मी तिचे हात हातात घेतले. ते गरम होते. मी अंगठ्यानं तिच्या बोटांची टोकं दाबली. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"मला सांगायचं तरी," मी म्हणाले.

"सांगून काय केलं असतं तुमी?"

 तिनं उत्तराची वाट न बघता हात सोडवून घेतले.

"शिकवा म्हणताय," ती म्हणाली. "पर कशानं शिकवू? त्वांडानं? ह्ये हातात हात घिऊन शिकवायचं काम हाय. मी पोरीच्या हातात वला मणी देनार आन् त्यो वाळला म्हणून सांगनार." ती थोडी हसली. "बसून खायाची सवं न्हाई मला. मेंढरांत बी म्हातारी मेंढी झाली तर ती मागनं चालती, पर चालती."

"मग काय करायचं ठरवलंय?"

"जातो गावाकडं. आज न्हाई. हा म्हयना भरू दे, पोरींचा हात बसंल तवर." टोपी उचलून ती उठली. मग थांबली. "येक करा. त्या मंगलीला कागुद दिलाय न्हवं, त्यो फाडून टाका. तिचा हात सोन्याचा हाय. तिला डाग लावू नगा."

मी वर गेले आणि निखिलला म्हणाले, मंगलची समज रद्द कर. त्यानं फाइल काढली.

"मॅडम, कागद फाडता येणार नाही, नोंद झालीय. रद्द करायची तर कारण लिहावं लागेल. काय लिहू?"

खरं कारण लिहिलं तर ते हौसाक्काचं नाव घेऊन लिहावं लागलं असतं, आणि तिच्या बोटांची गोष्ट कायमची त्या फाइलमध्ये बसली असती. परदेशातून येणाऱ्या कुणीही ती वाचली असती. मी त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतःच लिहिलं: 'कामाची वाटणी चुकीची होती. चूक व्यवस्थापनाची.' खाली सही केली.

निखिलनं ते वाचलं. "हे तपासणीत दिसेल."

"दिसू दे."

"काय चूक होती, असं विचारतील."

"मला सांगता येईल," मी म्हणाले. तपासणीत खरंच विचारलं. मी म्हणाले, एका जागी दोन माणसांचं काम एकीवर पडत होतं, मला उशिरा दिसलं. त्या माणसानं मान डोलावली, पुढं काहीतरी खूण केली आणि पान उलटलं. ऑर्डर राहिली. तिसरी तक्रार आली नाही. त्या सीझनचा माल चांगल्या नावानं गेला.

निखिलनं मला पुढं काही विचारलं नाही. पण हौसाक्का गेल्यावर त्यानं ट्रेचे नंबर बदलताना हौसाक्काच्या ट्रेचा एक नंबर कुणालाच दिला नाही, दोनपासून सुरुवात केली. मी त्याला कारण विचारलं नाही.

हौसाक्का महिना भरून गेली. जाताना बायकांनी तिला लुगडं नेसवलं, ओटी भरली, सगळ्यांनी मिळून. मला बोलावलं होतं. मी खाली गेले तेव्हा हॉलमध्ये हसणं-रडणं चालू होतं, आणि मी दारात दिसताच ते थांबलं. कुणी मुद्दाम थांबवलं नाही. पाऊस थांबतो तसं आपोआप थांबलं. मंगलनं माझ्यासाठी खुर्ची आणली. सगळ्या उभ्या होत्या आणि मी एकटी खुर्चीत बसले. हौसाक्कानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि बोटं कानशिलावर मोडली.

त्यानंतर काही दिवसांनी मला काय वाटलं कोण जाणे, मी माझा डबा घेऊन दुपारी कॅन्टीनमध्ये गेले. जुन्या बायकांचं टेबल होतं, तिथं जागा होती. मंगल सरकली. मी डबा उघडला. आमटीच होती. "घ्या की," मी म्हणाले. मंगलनं चमच्यानं थोडी आमटी भाकरीच्या कडेला घेतली. "छान हाय मॅडम," ती म्हणाली. बाकीच्या भाकरीकडं बघत खात होत्या. कुणाच्या तरी नातीचं बारसं चालू होतं बोलण्यात, मी येण्याआधी. ते तसंच राहून गेलं. दहा मिनिटांत सगळ्यांचे डबे बंद झाले. पुन्हा मी गेले नाही. त्यांच्या विश्रांतीची वीस मिनिटं मी का खाऊ?

मंगल आता हॉलची मुख्य आहे. उत्तम काम करते. पोरी तिचं ऐकतात. मला ती सगळं वेळेवर सांगते, माल किती, माणसं किती, कोण रजेवर. जेवढं विचारावं तेवढं. त्या पलीकडं हॉलमध्ये काही असेल तर ते मला दिसत नाही, आणि आता मी काचेशी उभीही राहत नाही.

परवा गंधकाच्या वासानं गाडीत बसवून ठेवलं, आणि दुसऱ्याच दिवशी मी जतकडं गाडी वळवली. जतजवळच्या शेगावपासून पुढं रस्ता बारीक होत जातो. करडी काढून झाली होती, शेतं भुंडी होती, लांबवर मेंढरांचे कळप मातीच्याच रंगाचे. वस्तीवर पोचले तेव्हा हौसाक्का अंगणात खाटेवर बसली होती. बारीक झाली होती. पण आवाज तोच. "आवं, वैनी? कुणीकडनं उगावला?"

सुनेनं चहा केला. मी नको म्हणत असताना तिनं भाकरी टाकली. हौसाक्कानं मला एकेकीचं विचारायला सुरुवात केली. अमकीच्या पोरीला दिवस गेलेत, कितवा लागला? तमकीचा नवरा परत आला का? जानकीचं गुडघ्याचं आपरेशन कसं झालं? मला एकाही प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. मी म्हणत राहिले, "बरं आहे, चांगलं आहे." शेवटी तीच सांगायला लागली. जानकीच्या गुडघ्याचं, कुणाच्या नातीच्या जावळाचं, सुपरवायझर पोरीचं लग्न जमलंय ते. मंगल दर आठवड्याला फोन करते म्हणाली. माझ्या युनिटची बातमी मला जतच्या पलीकडं, त्या अंगणात बसून कळत होती. मी भाकरीचा तुकडा मोडत ऐकत होते.

मी उठायला लागले तशी तिनं मला थांबवलं. मग म्हणाली, "वैनी, येक इचारू? तवा तुमास्नी कुणी सांगितलं?"

मला मंगलचा हात आठवला, कानामागं गेलेला, दोनदा. ते सांगितलं असतं तर त्या दिवशी खूण मंगलकडूनच फुटली, हे हौसाक्काला कळलं असतं.

"कुणी नाही," मी म्हणाले. "माझं मलाच कळलं."

"मंगल न्हाई बोलली?"

"नाही."

"ती सुपरवायझर पोरगी?"

"नाही हो. कुणीच नाही."

"सव्वाशेतली येक बी न्हाई?"

"एकही नाही."

ती खाटेवर मागं टेकली. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं की मी बघतच राहिले. इतक्या वर्षांत चांगल्या मालाचं, मोठ्या ऑर्डरीचं, नव्या हॉलचं, कशाचंही तिला असं समाधान झालेलं मी पाहिलं नव्हतं.

"मग झालं," ती म्हणाली.

मी निरोप घेऊन गाडीपाशी आले. दार उघडता उघडता मागून तिचा आवाज आला. सुनेनं फोन लावून तिच्या कानाशी धरला होता.

"मंगले, आगं ऐकलंस का," ती म्हणत होती, "आत्ता इचारलं मी. कुणीच न्हाई म्हणं सांगितलं." मग ती हसायला लागली. पलीकडून मंगलही हसत असावी, कारण हौसाक्का मधूनमधून थांबत होती आणि पुन्हा हसत होती. मी गाडी सुरू करायच्या आधी थोडा वेळ ते हसणं ऐकत उभी राहिले. सुनेनं माझ्याकडं पाहिलं, तेव्हा मी आत बसले.